चुलीजवळची जागा

रविवारी सकाळी मागच्या अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, की डेलिया ग्रेनन किटली चुलीच्या कडेला सरकवायची, कोटाची बटणं लावायची आणि उभी राहायची. फिंटन, तिचा धाकटा भाऊ, मागच्या दारानं सरळ आत यायचा. दार ठोठावणं त्याच्या ध्यानीमनीही नसे. आपल्याच घराचं दार माणूस कशाला ठोठावेल? चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघर ओलांडून तो बापाच्या खुर्चीत टेकायचा आणि घड्याळाकडे बघायचा.

"झालं का गं? फादर आपल्यासाठी थांबणार नाहीत."

"मी केव्हाची तयार आहे. तूच बूट पुसून घे. लोक म्हणतील, ग्रेनन गोठ्यातून थेट मिस्सेला आले."

"गोठ्यातूनच आलोय. देव तरी कुठं जन्मला होता?"

हे बोलणं दर रविवारी थोड्याफार फरकानं व्हायचं. मग दोघं गाडीत बसून गावातल्या चर्चला, रविवारच्या मिस्सेला म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, जायची. फिंटनची बायको इमेल्डा तिथं परस्पर पोचलेली असे; येताना ती पुढच्या सीटवर असायची आणि डेलिया मागे. दुपारी तिघं डेलियाच्याच टेबलावर जेवायची: खारवलेलं डुकराचं मांस, कोबी आणि बटाटे. संध्याकाळपर्यंत भाऊ-भावजय आपल्या मोठ्या रस्त्यालगतच्या बंगल्यात परत गेलेली असत. पुढच्या रविवारपर्यंत त्या घरात चुलीतलं जळण ढासळल्याचाच काय तो आवाज.

फिंटननं हा नेम कधी चुकवला नव्हता, आणि त्याला कारण होतं. बापानं मरण्यापूर्वी वकिलाकडून लिहून घेतलं होतं: शेत आणि घर फिंटनला, डेलियाला लग्न होईपर्यंत किंवा मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क, दोन वेळचं खाणं, चुलीजवळची जागा, आणि दर रविवारी मिस्सेला नेणं-आणणं. आयर्लंडच्या आमच्या या मधल्या सपाट भागात असं लिहिलेलं दर दुसऱ्या घरात सापडेल. मुलगा शेत घेतो, आणि जी मुलगी आईबापाचं करायला मागे राहते तिला चुलीजवळची जागा मिळते. पूर्वी मिस्सेला गाढवाची गाडी असे, आता मोटार आहे, एवढाच फरक. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डेलियालाही वाटलं नव्हतं.

ती एकेकाळी वीजकेंद्राच्या कचेरीत टाइप करायची. केंद्र दलदलीच्या काठाला होतं. दलदलीतली काळी माती कापून, तिच्या विटा वाळवून त्या भट्टीत जाळायच्या आणि वीज करायची, असं ते काम. या विटांनाच आम्ही टर्फ म्हणतो, आणि घरोघरच्या चुलीही त्यावरच चालत. डेलियाला टाइपरायटरचा आवाज आवडायचा. महिनाअखेर ती स्वतःसाठी मोजे नाहीतर रुमाल घ्यायची, कुणाला न विचारता. मग आईचं अर्धं अंग लुळं पडलं. "थोडे दिवस ये," असं बाप म्हणाला. फिंटन तेव्हा शाळेत होता. ते थोडे दिवस काही संपलेच नाहीत. तिची वाट बघणारा एक फिटर होता. तो कंटाळून इंग्लंडात लीड्सला गेला, दोन नाताळांना त्याची कार्डं आली आणि मग तीही थांबली. आई गेली, बाप खाटेला खिळला. फिंटनचं लग्न झालं. एका स्वयंपाकघरात दोन बायका नकोत म्हणून त्यानं रस्त्यालगत बंगला बांधला. बाप गेला. गल्लीच्या टोकाच्या जुन्या घरात डेलिया राहिली.

वीजकेंद्रही बंद झालं. टर्फच्या धुरानं हवा बिघडते, हे सगळ्या जगाला कळलं तसं आम्हालाही कळलं. चिमणी पाडली त्या दिवशी सगळं गाव शेताच्या बांधावर उभं राहून बघत होतं. काही बाप्ये रडले. मग त्याच दलदलीवर पवनचक्क्या आल्या, पांढऱ्या आणि उंच. आणि त्यांच्या मागोमाग डेटा सेंटरवाले आले.

हे डेटा सेंटर म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगायचं तर एक प्रचंड कोठार. तुमचे-आमचे फोटो, पत्रं, बँकेचे हिशेब, सगळं त्यातल्या यंत्रांमध्ये साठतं, आणि त्या यंत्रांना दिवसरात्र वीज लागते, एका मोठ्या शहराला लागावी तेवढी. आजवर ही कोठारं डब्लिनच्या कडेनं दाटीवाटीनं उभी राहिली. आता तिथल्या तारांना आणखी भार सोसेना. तेव्हा वारा जिथं आहे, पवनचक्क्या जिथं आहेत, तिथंच कोठार न्यावं असं ठरलं. यात चुकीचं काही नाही. शहाणपणच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की नेमकं कुणाच्या दारात.

त्या रविवारी जेवताना फिंटन बटाटा सोलत म्हणाला, "मंगळवारी दुपारी हॉलमध्ये कंपनीवाले येतायत. काय बांधणार ते दाखवणार म्हणे. तू नको येऊस, उगाच गर्दी."

"मला कधी गर्दीचं वावडं होतं?"

"नाही, आपलं म्हटलं," फिंटन म्हणाला आणि त्यानं पुन्हा बटाटा सोलायला घेतला, तो आधीच सोलून झालेला असताना.

डेलिया मंगळवारी चालत गेली.

हॉलच्या मधोमध टेबलावर सगळ्या परिसराची प्रतिकृती मांडली होती. हिरव्या लोकरीची शेतं, काड्यांच्या पवनचक्क्या आणि लांबच लांब पांढरे खोके, म्हणजे ते डेटा सेंटर. आजूबाजूला आगपेटीएवढी घरं. प्रत्येक घराच्या खिडकीत मोहरीएवढा दिवा लागलेला होता. शाळेतली मुलं टेबलाच्या कडेला हनुवट्या टेकून आपापलं घर शोधत होती.

"हे बघ माझं," शेजारचा किट टायरेल तिला म्हणाला. वीजकेंद्रात भट्टीवर जन्म काढलेला हा म्हातारा. डेलिया टाइपिस्ट होती तेव्हापासूनची ओळख. "छप्पर गळतं ते तेवढं दाखवलं नाही. बाकी हुबेहूब."

डेलियानं बोटानं रस्ता धरला. फिंटनचा बंगला सापडला, दारात इवलीशी निळी गाडीसुद्धा. तिथून गल्ली वळते. पुढे तीन मोठी झाडं. मग पांढऱ्या खोक्याचा कोपरा आणि हिरवी लोकर.

तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

टेबलाशी कंपनीचा एक तरुण उभा होता. कोटावर नाव लावलेलं होतं, रोनन टाफ. चेहरा भला होता त्याचा.

"इथं," डेलियानं विचारलं, "या गल्लीच्या टोकाला काय आहे?"

"तिथं ना? एक जुनं घर आहे, पण ते रिकामं आहे, मॅडम. मालकांकडून खात्री करून घेतलीय. तिथं कुठलंच कुटुंब राहत नाही. म्हणून तर ही जागा इतकी चांगली. कुणालाही उठवावं लागत नाही."

डेलिया म्हणाली, "अस्सं."

मग तिनं चहाच्या टेबलावरचं एक बिस्किट घेतलं, कारण न घेता निघणं बरं दिसलं नसतं, आणि ती घरी आली.

ती तिथंच का बोलली नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या भागात चारचौघांत सख्ख्या भावाला खोटं पाडणं हे पाप समजतात. माणूस गिळून टाकतो, बिस्किट घेतो आणि घरी जातो. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही असंच करत आलोय, आणि त्याला चांगली रीत म्हणत आलोय.

अंगणाच्या फाटकाशी ती थांबली. परक्या माणसानं बघावं तसं तिनं घराकडे बघितलं. दारात गाडी नाही. मुलांचा झोपाळा नाही. कपड्यांच्या दोरीवर एक एप्रन, एक झगा, मोज्यांची एक जोडी. एकाच माणसाचे कपडे. वाऱ्यानं ते हलत होते, पण त्यांना एकमेकांत गुंतायलाही दुसरं काही नव्हतं. हे बघून कुणाला घर रिकामं वाटलं, तर त्याचं काय चुकलं, असं तिच्या मनात आलं. आत जाऊन तिनं दोरीवरचे कपडे लगेच काढून आणावेत की राहू द्यावेत, हेही तिला ठरवता येईना. शेवटी राहू दिले.

स्वयंपाकघरात भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती आणि तिच्याखाली छोटा लाल दिवा. गावात वीज आली तेव्हा आईनं सगळ्यात आधी तो लावून घेतला होता. माणसांचे दिवे नंतर. तेव्हापासून तो विझला नव्हता. विजेच्या बिलात त्याचा भार कुणाला कळलाही नसता.

दोन दिवसांनी किट हातगाडीवर टर्फ घेऊन आला. विकायला आता बंदी होती, पण स्वतःपुरता साठा त्याच्याकडे होता, आणि तो दरवर्षी थोडा डेलियाला देत असे.

"तुझं घर दिसलं नाही त्या टेबलावर," तो विटा रचता रचता म्हणाला.

"तुलाही दिसलं का ते?"

"मी म्हटलं, चुकून पडलं असेल. पोरांनी हात लावला असेल." त्यानं आणखी एक वीट ठेवली. "मला एक कळत नाही. आमच्या जुन्या केंद्राचं आवार ओस पडलंय. तारा तिथंच येतात, रस्ता तिथंच जातो, काँक्रीट ओतलेलं आहे. मग तिथंच का नाही बांधत? त्या पोराला विचारलं मी."

"काय म्हणाला?"

"राख. इतक्या वर्षांची राख तिथल्या तळ्यात साचलीय ना, ती आधी साफ करायला लागेल. खर्च आहे, वेळ जातो. म्हणाला, ग्रेननच्या शेतात साफ करण्यासारखं काहीच नाही." किटचा हात थांबला. "म्हणजे... तसं नव्हतं म्हणायचं त्याला."

"तसंच म्हणायचं होतं," डेलिया म्हणाली. "चहा घेतोस?"

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर इमेल्डा नेहमीसारखी उठली नाही. तिनं कप बाजूला सारला आणि फिंटनकडे बघितलं. फिंटननं खिडकीबाहेर बघितलं.

"डेलिया, अगं, तुला सांगायचंच होतं," इमेल्डा म्हणाली. "तुलामोर शहरात एक फ्लॅट बघितलाय तुझ्यासाठी. नवा कोरा. बटण दाबलं की खोली गरम. खाली दुकान, समोर डॉक्टर. टर्फ नको, राख नको."

"खिडकी कुठं उघडते?"

"गाड्या लावतात तिकडं. पण स्वच्छ आहे गं, अगदी स्वच्छ!"

"मी कशाला जाऊ तिथं?"

"कंपनीला शेत हवंय," फिंटन खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "घरासकट. तुझा राहण्याचा हक्क आहे, तो सोडल्याची सही लागेल. कॉस्टिगन वकिलांकडं जायचं, पाच मिनिटांचं काम."

"त्यांचा जिना चढायलाच मला पाच मिनिटं लागतील," असं काहीतरी डेलिया बोलली असती एरवी. त्या दिवशी तिनं फक्त विचारलं, "त्यांनी तुला काय विचारलं होतं, फिंटन?"

"कोणी?"

"कंपनीनं. या घराबद्दल."

"विचारलं, तिथं कुठलं कुटुंब राहतं का."

"मग?"

"नाही म्हटलं."

चुलीत टर्फ ढासळला. फिंटननं आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "मग काय म्हणणार? नाहीच राहत ना कुठलं कुटुंब. तू आहेस. तू एकटीच तर आहेस."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. असती तर डेलियाला सोपं गेलं असतं. ज्याचं लहानपणी तिनं नाक पुसलं, ज्याच्या शाळेच्या डब्याला तिनं पाव भाजला, तो तिचा भाऊ मनापासून खरं बोलत होता. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, पोरं. चुलीजवळ बसलेली बहीण ही कुटुंब नसते. ती घराबरोबर येते, खुर्ची येते तशी.

"आमच्या कॅहलचा विचार कर," इमेल्डा डोळे पुसत म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं. "पोरगं ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन बसलंय. ते बांधलं तर त्याला इथंच काम मिळेल. मला नातवंडं बघायचीत गं, मरायच्या आत."

"मी विचार करते," डेलिया म्हणाली.

आमच्याकडं एखादी बाई असं म्हणाली, की लोक त्याचा अर्थ होकार धरतात. इमेल्डानं उठून तिच्या गालाचा मुका घेतला.

जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढं शेवटची सुनावणी त्याच हॉलमध्ये झाली. टेबल तिथंच होतं, दिवे लागलेले. सगळं गाव लोटलं होतं. रोनन टाफ उभा राहून बोलला, आणि चांगलं बोलला. म्हणाला, वीज आता स्वच्छ होते आहे, ती जिथं तयार होते तिथंच वापरली पाहिजे. जितका उशीर करू तितका धूर कुठंतरी वाढतो. वाट बघायला आपल्याकडे वेळ नाही. डेलियाला ते पटलं. तिनं धूर बघितला होता. आईच्या पडद्यांवरची काजळी तिनंच धुतली होती.

"कुणाला काही म्हणायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

लोकांनी पायांकडे बघितलं. शेजाऱ्याच्या सौद्याला उघड विरोध करणं आमच्यात होत नाही. आणि मागून तिसऱ्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी डेलिया ग्रेनन," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक होता, की पुढच्यांना माना वळवाव्या लागल्या. "गल्लीच्या टोकाच्या घरात राहते मी."

फिंटन पहिल्या रांगेत होता. त्याची मान वळली नाही.

"त्या टेबलावर माझं घर नाहीये. या साहेबांनी मला सांगितलं, तिथं कुणी कुटुंब राहत नाही. त्यांना तसंच सांगण्यात आलं होतं, त्यांचा दोष नाही. मी एकटी आहे हे खरं. पण मी तिथं राहते. माझी आई त्या घरात गेली, वडील गेले, मी अजून आहे. माझा हक्क सोडल्याची सही मी करणार नाही."

कुजबुज उठली. मागून कुणीतरी बोललंच, "एका बाईपायी सगळं गाव अडवायचं का?"

"अगं डेलिया," दुसरी बाई म्हणाली, तिचा मुलगा बेकार होता, "पोरांच्या नोकऱ्यांचा तरी विचार कर."

डेलियानं हात कोटाच्या खिशात घातले.

"नोकऱ्या मलाही हव्यात. पवनचक्क्याही हव्यात. जुन्या केंद्राच्या आवारात बांधा, मी स्वतः चहा करून आणीन सगळ्यांना. तिथली राख काढायला खर्च येतो म्हणता. मला काढायला काहीच खर्च येत नाही. एवढ्यासाठीच ना ही जागा चांगली?"

रोनन टाफच्या हातातला कागद खाली आला. फिंटन उठला, टोपी घातली आणि दोन्ही बाजूंच्या लोकांमधून, कुणाकडेही न बघता, बाहेर निघून गेला. इमेल्डा त्याच्यामागे गेली. दारातून तिनं एकदाच वळून बघितलं. ती नजर डेलियाला पुढे कित्येक दिवस भाजी चिरताना आठवायची.

त्यानंतरच्या रविवारी डेलियानं किटली कडेला सरकवली, कोटाची बटणं लावली आणि ती उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग तिनं छत्री घेतली आणि ती चालू लागली. किटला विचारावं तर तो मिस्सेला जातच नसे. बायको गेल्यापासून त्याचं देवाशी भांडण होतं. ओल्या बुटांनी ती चर्चमध्ये शिरली तेव्हा प्रवचन सुरू झालं होतं. फिंटन आणि इमेल्डा पुढच्या बाकावर होते. ती मागच्या बाकावर बसली, आणि तिच्या शेजारच्या बाईनं पर्स उचलून थोडं सरकून घेतलं. जागा करायला नव्हे.

हिवाळा तसाच गेला. दुकानदारीण पूर्वी पावाबरोबर चार गोष्टी सांगायची, ती आता नुसती पिशवी पुढे करायची. रविवारी डेलिया सवयीनं तीन बटाटे जास्त उकडायची आणि सोमवारी तेच तळून खायची. कधी कधी संध्याकाळी ती मोठ्यानं काहीतरी बोलायची, आवाज अजून आहे का ते बघायला. आपण बरोबर केलं असं तिला वाटे; पण बरोबर केल्यानं घरात कुणी येत नाही, हेही तिला रोज कळत होतं.

एका रविवारी चर्चच्या फाटकाशी एका म्हातारीनं तिचं कोपर दाबलं. "बरं केलंस तू," एवढंच म्हणाली आणि भराभर निघून गेली. लेलरांची आत्या होती ती, दलदलीच्या पलीकडची. सगळं गाव तिला लेलरांची आत्या म्हणे. डेलियाही जन्मभर तेच म्हणत आली होती. घरी येताना तिच्या लक्षात आलं, की या बाईचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, आणि तिला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं सोडा घालून पाव भाजला, तो फडक्यात गुंडाळला आणि दलदलीच्या कडेकडेनं चालत ती लेलरांच्या घरी गेली.

"मी तुझं नाव विचारायला आलेय," दारातच ती म्हणाली.

म्हातारी आधी हसली, मग तिनं पाव हातात घेतला. "ऑनर," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नव्हतं गं." भाच्याच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत दोघींनी चहा घेतला. ऑनरकडून डेलियाला अशाच आणखी दोघींबद्दल कळलं: एक भावाच्या घरात, एक भाच्याच्या. त्या वसंतात डेलिया त्या दोघींकडेही जाऊन आली. जाताना पाव न्यायची, आणि पहिल्यांदा नाव विचारायची.

एप्रिलमध्ये पुढच्या दारावर थाप पडली. पुढच्या दारानं आमच्याकडं फक्त परके येतात. रोनन टाफ होता.

"जुन्या केंद्राची जागा पुन्हा तपासतोय आम्ही," तो खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला. "राख किती, काढायला किती काळ लागेल, सगळं. मी स्वतः मागे लागलोय. पण खरं सांगू? कंपनी कंटाळून दुसऱ्या जिल्ह्यातही जाईल. तिकडं एक जागा बघून ठेवलीय. तिकडं सोपं आहे."

"सोपं म्हणजे?" डेलियानं विचारलं.

तो उत्तर द्यायला तोंड उघडून तसाच थांबला. तिनं त्याला घाई केली नाही. मुलाला गणित सुटेपर्यंत थांबावं तशी ती थांबली.

"मी तिकडं जाऊन येतो," तो शेवटी म्हणाला. "स्वतः. प्रत्येक गल्लीच्या टोकापर्यंत." आणि निघताना, थोडा लाजून, "त्या टेबलावर तुमचं घर बसवलंय मी. खिडकीत दिवापण लावलाय."

"लाल?"

"नाही. पिवळा."

"लाल लाव," डेलिया म्हणाली. "लांबून ओळखू येईल."

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. आभाळ स्वच्छ होतं. डेलियानं किटली कडेला सरकवली, कोटाची बटणं लावली, छत्री घ्यावी की नको याचा विचार करत ती उभी होती, तेवढ्यात मागच्या अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला.

ती हलली नाही. गाडीचं दार लागलं. अंगणातल्या खडीवर पावलं वाजली, ओळखीची, उजव्या पायावर जरा जड. दारापर्यंत आली आणि थांबली.

मग दार वाजलं. हलकेच, दोनदा.

या घरातल्या माणसानं या दारावर आजवर कधी थाप मारली नव्हती. भाऊ परका झाला, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की आज पहिल्यांदा तो कुणाच्या तरी घरी आला आहे.

"कोण आहे?" तिनं विचारलं, ठाऊक असूनही.

"मी. फिंटन." खोकल्याचा आवाज. "मिस्सेला... म्हटलं, उशीर होईल तुला चालत. आत येऊ का?"

तिनं बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. लाल दिव्याकडे बघितलं. स्वतःच्या घराच्या दाराकडे बघितलं.

"ये," ती म्हणाली. "बूट पुसून ये."